चळवळ्या लहान मुलांना घरात आनंदाने गुंतवून कसे ठेवावे?

मृद्गंध

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा नुकताच दोन वर्षांचा झाला आहे. दोघेही निरोगी, हसरे आणि उठल्यापासून झोपेपर्यंत अखंड हालचाल करणारे आहेत. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करते आणि त्या दिवसांत दुपार उलटेपर्यंत त्यांना बाहेर नेणे जमत नाही. मुलांसाठीच्या उपक्रमांच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या, परंतु त्यांतल्या बहुतेकांची गत अशी, की मांडायला अर्धा तास लागतो, मुलांचे मन पाच मिनिटांत उडते आणि आवरायला पुन्हा अर्धा तास जातो. त्यामुळे मला आणखी उपक्रम नको आहेत. मुले आपणहून, आनंदाने, काही काळ खेळात रमतील असे घरातले वातावरण कसे तयार करावे, हे मला समजून घ्यायचे आहे. स्क्रीन हातात देऊन वेळ काढणे मला पटत नाही आणि दिवसभर मुलांवर ओरडत राहणे तर त्याहूनही नाही. ज्यांनी ही वर्षे पार केली आहेत, किंवा सध्या पार करत आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानपाखरू

उत्तम प्रश्न आहे. आधी त्यांचे अंग दमवा, मग बसून खेळायची अपेक्षा करा. हा क्रम उलटा झाला की कोणतेही खेळणे टिकत नाही.

निळाई

रानपाखरू यांच्या मुद्द्याला जोड देते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लहान मुलांबरोबर काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एक ते चार वर्षे वयाच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांपैकी किमान ६० मिनिटे चांगली दमवणारी असावीत. ही गरज घरात भागली नाही तर मूल ती सोफ्यावरून उड्या मारून, धावून, नाही तर भावंडाला ढकलून भागवते, आणि आपण त्याला खोडकर म्हणून मोकळे होतो.

धावण्या-उडण्याइतकीच, किंबहुना जास्त उपयोगी पडतात ती जोर लावायची कामे. आपले स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात, की अवयव कुठे आहेत आणि किती जोर लागतो आहे. ढकलणे, ओढणे, उचलणे, रांगणे यांतून ही जाणीव भरपूर मिळते आणि बरीच मुले त्यानंतर शांत होतात. कपड्यांनी भरलेली टोपली घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायला सांगावे, चादरीवर बाहुल्या बसवून ती ओढायला द्यावी, उशांचा डोंगर रचून तो चढू द्यावा, अस्वलासारखे हातापायांवर किंवा खेकड्यासारखे उलटे चालत खोली पार करायला लावावी. यासाठी काहीही मांडावे लागत नाही आणि काही आवरावेही लागत नाही.

अनवट

मला हे तितकेसे पटत नाही. माझ्या मुलाला उड्या मारू दिल्या की तो दमण्याऐवजी अधिकच चेकाळतो आणि पुढचा तासभर कोणाचेही ऐकत नाही. आमच्याकडे 'दमवणे' म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे ठरले आहे.

निळाई

अनवट, तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि हा फरक महत्त्वाचा आहे. गरगर फिरणे, वेगाने धावणे, एकसारख्या उड्या मारणे यांनी काही मुलांची उत्तेजना चढत जाते. अशा मुलांच्या बाबतीत खेळाचा शेवट कसा होतो यावर सगळे अवलंबून असते. उड्या संपल्याबरोबर 'आता बस' असे म्हणण्याऐवजी हळूहळू उतरावे. भिंत मागे सरकवायची आहे अशी कल्पना करून दोन्ही हातांनी ती ढकलायला सांगावी, मग कासवासारखे पाठीवर उशी घेऊन रांगायला लावावे आणि शेवटी जमिनीवर पालथे झोपवून पाठीवर हाताने सावकाश दाब द्यावा. काही मुलांना चादरीत गुंडाळून घेणे फार आवडते, मात्र त्या वेळी डोके व मान पूर्ण मोकळी असावी, मोठे माणूस शेजारी असावे आणि मुलाने नको म्हणताच ते थांबवावे.

पिंपळपान

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते, त्यामुळे उड्या मारण्याचा प्रश्नच येत नाही. कोणाला आवाज न होणारे खेळ ठाऊक आहेत का?

ओंजळ

पिंपळपान, आमच्याही घराची हीच अट होती. जमिनीवर सहज निघणारी रंगीत चिकटपट्टी लावून वाट आखायची. कुठे सरळ, कुठे नागमोडी, कुठे मध्येच तुटलेली. त्या वाटेवरून तोल सांभाळत चालायचे, मग डोक्यावर एखादी मऊ वस्तू ठेवून चालायचे, मग मागे मागे चालायचे. मुलांना सर्वांत जास्त आवडली ती उलटी शर्यत, जिच्यात सर्वांत शेवटी पोहोचणारा जिंकतो. मात्र थांबायचे नाही, सतत हलत राहायचे. हळू चालायला वेगाने धावण्यापेक्षा स्नायूंवर अधिक ताबा लागतो आणि म्हणूनच ती मुलांना खरोखर दमवते. मोज्यांचा गोळा करून तो टोपलीत टाकणे, टेबलाखालून आणि खुर्च्यांमधून बोगदा करून सरपटणे, पुतळा होऊन उभे राहणे हेही निःशब्द चालते.

स्वरांगी

मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवते आहे. मृद्गंध यांनी वातावरणाविषयी विचारले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

बहुतेक घरांत खेळणी कमी नसतात. ती एकाच वेळी फार जास्त समोर असतात. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा फक्त ४ खेळण्यांबरोबर आणि एकदा १६ खेळण्यांबरोबर मोकळे खेळू दिले. खेळणी कमी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ खेळली आणि ते अधिक निरनिराळ्या प्रकारे वापरून पाहू लागली. वर्गात मला हे रोज दिसते. कपाट उघडे टाकले की मुले एक वस्तू काढतात, टाकतात, दुसरी काढतात आणि थोड्या वेळात जमिनीवर पसारा व चेहऱ्यावर कंटाळा उरतो.

म्हणून थोड्याच वस्तू मुलाच्या उंचीच्या फळीवर, एकमेकींपासून अंतर राखून, नीट दिसतील अशा ठेवाव्यात आणि बाकीच्या नजरेआड कराव्यात. काही दिवसांनी अदलाबदल केली की जुनेच खेळणे नव्या उत्सुकतेने उचलले जाते. जी वस्तू मुलाने सध्या मनापासून धरली आहे ती मात्र काढून घेऊ नये.

वस्तू कोणत्या निवडायच्या? बटण दाबले की गाणारे खेळणे स्वतःच सगळे करते आणि मुलासाठी काही शिल्लक ठेवत नाही. सायमन निकल्सन या शिल्पकाराने १९७१ साली 'सुट्या वस्तूं'चा विचार मांडला. हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितका मुलांच्या कल्पकतेला वाव अधिक, असा त्याचा आशय होता. ठोकळे, रिकामे खोके, पुठ्ठ्याच्या नळ्या, कापडाचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे, झाकणाचे डबे या घरातल्याच वस्तू आहेत. आमच्या वर्गात एक मोठा खोका आधी जहाज झाला, मग दवाखाना झाला आणि तळ फाटल्यावर मुलांनी त्याची घसरगुंडी केली.

अनवट

स्वरांगीताई, हे वाचायला सुंदर वाटते, पण माझ्या मुलाला ना ठोकळे हवे असतात ना खोके. त्याला मी हवा असतो. मी खोलीतून उठलो की खेळ संपतो. खेळणी चार असोत वा चाळीस, त्याने काय फरक पडणार?

स्वरांगी

अनवट, तुमचा मुलगा तीनेक वर्षांचा असावा असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. त्या वयात माणूस हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि ती गरज टाळून भागत नाही, पुरवूनच भागते. दिवसाच्या सुरुवातीला, कामाला बसण्याआधी, दहा-पंधरा मिनिटे पूर्णपणे त्याची करून पाहा. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, खेळ त्याला निवडू द्या आणि शिकवण्याच्या मोहात पडू नका. 'हा कोणता रंग?', 'किती झाले?' अशा प्रश्नांनी खेळाची परीक्षा होते. त्याऐवजी 'गाडी पुलाखालून चालली आहे' एवढे म्हटले, की आपण पाहतो आहोत हे त्याला समजते.

बाहेर पडतानाही एकदम उठू नये. खेळ रंगात आला की आधी हात मागे घ्यावा, मग थोडे दूर बसून आपले काही काम करावे आणि नंतर 'मी शेजारच्या खोलीत आहे, हा पूल झाला की मला दाखवायला ये' असे सांगून जावे. नजर चुकवून निघून गेल्यास मूल पुढच्या वेळी अधिक घट्ट धरून बसते. आणि ते खरोखर दाखवायला आले, की मान वर करून नीट पाहावे, कारण पुढच्या वेळचा त्याचा विश्वास त्यावरच ठरतो.

दर्यावर्दी

आमच्या घरी सर्वांत यशस्वी ठरली ती घरकामे. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालगृह' ही लहान मुलांची शाळा सुरू केली, तेव्हा मुले दिखाऊ खेळण्यांपेक्षा खऱ्या, उपयोगी कामांत अधिक रमतात असे त्यांच्या लक्षात आले. आमचा अनुभव अगदी तसाच आहे. मोज्यांच्या जोड्या लावणे, रुमालांच्या घड्या घालणे, टेबल ओल्या फडक्याने पुसणे, धुतलेले चमचे आकारानुसार लावणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुलगी ज्या गांभीर्याने करते ते पाहण्यासारखे असते. काम खरे असावे एवढी एकच अट आहे. तिने पुसलेले टेबल तिच्यासमोर पुन्हा पुसले, तर तिला सगळे समजते.

सांजवात

दर्यावर्दी, मला त्यात पसाऱ्याची धास्ती वाटते. दोन वर्षांच्या मुलाला पाणी दिले की घरभर तळे होते आणि माझा सगळा वेळ पुसण्यात जातो.

दर्यावर्दी

पाणी फार थोडे द्यावे. उथळ परातीत बोटभर पाणी, दोन पेले, एक गाळणी, एक स्पंज, आणि खाली जाड टॉवेल. सांडलेले पुसण्याचे फडके सुरुवातीलाच मुलाच्या हाती द्यावे, म्हणजे पुसणे हा खेळाचाच भाग होतो. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बहुधा आवाज होत नाही. म्हणून पाण्याचा खेळ हा मोठ्या माणसाने शेजारी बसण्याचा खेळ आहे, काम उरकण्याचा नव्हे. तो संपला की भांडे तत्काळ रिकामे करावे.

वाटसरू७

मी फळ्यावर चांदण्या लावायची पद्धत सुरू केली आहे. अर्धा तास शांतपणे खेळले की एक चांदणी, आणि ठरावीक चांदण्या जमल्या की बक्षीस. सध्या तरी छान चालले आहे.

स्वरांगी

वाटसरू, दात घासणे, कपडे घालणे अशा मुलाला न आवडणाऱ्या कामांसाठी चांदण्या काही काळ चालतात. खेळासाठी मात्र त्या वापरू नयेत असे मी कळकळीने सांगेन. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना 'चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले चित्रे काढण्यात इतर मुलांच्या सुमारे निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. जे मूल आनंदाने करत होते ते मोबदल्यासाठीचे काम झाले, की मोबदला थांबल्यावर ते करायचे कशाला, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आपल्याला तर खेळाची गोडीच टिकवायची आहे.

वाटसरू७

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. चांदण्या आता दात घासण्यापुरत्याच ठेवतो.

पिंपळपान

स्क्रीनविषयी कोणीच स्पष्ट लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. मी एकटीने मुलाला वाढवते आहे. महत्त्वाच्या मीटिंगच्या वेळी मी त्याला एक कार्यक्रम लावून देते आणि त्याची मला खंत वाटत नाही. ज्यांच्या घरी दुसरे मोठे माणूस आहे त्यांनी 'स्क्रीन अजिबात नको' असे म्हणणे सोपे असते.

निळाई

पिंपळपान, तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. मी वर उल्लेखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तितके चांगले, अशी आहे. एक वर्षाच्या मुलांसाठी मात्र स्क्रीन नकोच असे म्हटले आहे. म्हणजे मुलाचे वय दोनच्या पुढे असेल, तर ठरावीक वेळी थोडा वेळ दिलेली स्क्रीन त्या चौकटीत बसते. सावकाश गतीचा, स्वतःचा शेवट असलेला कार्यक्रम निवडावा आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी. बंद करतानाचे रडणे टाळायचे असेल तर मध्येच तोडण्यापेक्षा भाग संपू द्यावा आणि लगेच अंग हलवायचा खेळ द्यावा. मुलाने रडून मागितल्यावर देण्याचा पायंडा मात्र पडू देऊ नये, नाही तर रडणे हाच मागण्याचा मार्ग ठरतो.

अनवट

यावर माझे मत वेगळे आहे. आमच्याकडे थोडीशी स्क्रीन म्हणजे दिवसभर तिचीच मागणी. त्यामुळे आम्ही ती पूर्ण बंद ठेवली आहे आणि ऐकण्याच्या गोष्टी लावतो. गोष्ट ऐकताना हात मोकळे राहतात आणि तो ठोकळ्यांशी चाळाही करत राहतो. प्रत्येक घराने आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे.

मृद्गंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळी टोपली ढकलणे, नंतर दोघांबरोबर थोडा वेळ पूर्ण लक्ष देऊन बसणे आणि फळीवर मोजकीच खेळणी ठेवणे एवढेच सुरू केले आहे. मुलगी आता बराच वेळ एकटी रमते. अडचण दुसरीच आहे : ती काही रचते आणि धाकटा येऊन ते पाडतो. मग रडारड आणि मारामारी. त्याला वाटून घ्यायला शिकवते, पण काही उपयोग होत नाही.

स्वरांगी

दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून घेण्याची अपेक्षा फार लवकरची आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळातील सहभागाचे टप्पे मांडले. त्यांनुसार लहान वयात मूल एकटे किंवा दुसऱ्याच्या शेजारी बसून आपापला खेळ खेळते, आणि एकत्र मिळून, ठरवून खेळणे पुढे हळूहळू येते. म्हणून दोघांना सारख्याच वस्तू, पण वेगवेगळ्या जागी द्याव्यात. धाकट्याला पाडायला आवडते, तर त्याच्यासाठी मुद्दाम हलके खोके रचून पाडायचा खेळ ठेवावा.

ताईची रचना मात्र सुरक्षित राहिलीच पाहिजे. तिला उंच टेबल द्यावे, किंवा लहान मुलांना आत ठेवायचे घरातले कुंपण असेल तर धाकट्याऐवजी तिलाच तिच्या कामासह कुंपणाच्या आत बसवावे. हे तिला मानाचे वाटते आणि धाकटा बाहेर मोकळा फिरतो.

सांजवात

दोन वयांची मुले एकत्र असतील तर लहान वस्तूंकडेही लक्ष द्यावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासण्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू मावते ती घशात अडकू शकते असे मानतात. घरी तपासताना टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीचा अंदाजे उपयोग होतो. ती थोडी मोठी असते, त्यामुळे चूक सावधगिरीच्या बाजूने होते. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी शक्तिशाली चुंबके मुलांच्या आवाक्यात असूच नयेत. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकते, म्हणून मुलाने ती गिळल्याची शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. आणि चढणारी मुले असतील तर कपाटे भिंतीला पक्की केलेली असावीत.

रानपाखरू

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मुलांना थोडे कंटाळूही द्यावे असे माझे ठाम मत आहे. 'मला काही करायला नाही' असे मुलाने म्हणताच आपण धावत पर्याय पुरवले, तर खेळ शोधण्याचे काम कायमचे आपल्याकडे येते.

निळाई

चार-पाच वर्षांच्या मुलाबाबत सहमत आहे. दोन वर्षांच्या मुलाला मात्र असे सोडून चालत नाही. त्याला सुरुवात करून द्यावी लागते. शिवाय कुरकुर नेहमी कंटाळ्याची नसते. संध्याकाळची चिडचिड पुष्कळदा भुकेची किंवा अपुऱ्या झोपेची असते. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १० ते १३ तास आणि एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास झोप लागते. त्या वेळी नवा खेळ काढण्यापेक्षा आवाज व उजेड कमी करून पुस्तक घेऊन जवळ बसावे.

आजोबा_वाचक

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. नातवंडे दुपारभर माझ्याकडे असतात आणि माझे गुडघे मला जमिनीवर बसू देत नाहीत. बसल्या जागेवरून त्यांना हालचाल करवता येईल असे काही सुचवाल का?

ओंजळ

आजोबा, नक्कीच. तुम्ही खुर्चीत बसून रुग्ण व्हा. डॉक्टरांना औषध दुसऱ्या खोलीतून, पट्टी तिसऱ्या खोलीतून आणि पांघरूण कपाटातून आणायला लागू द्या, आणि रुग्णाच्या तक्रारी वाढवत न्या. माझ्या वडिलांना या खेळात हात, पाय, डोके सगळीकडे पट्ट्या बांधून घ्याव्या लागतात आणि मुले घामाघूम होतात. दुसरा खेळ म्हणजे एखादी वस्तू लपवून 'थंड', 'कोमट', 'गरम' अशा सूचना देत ती शोधायला लावणे. आणि गोष्ट सांगाल तेव्हा तिच्यात ससा आला की उडी, हत्ती आला की जड पावले, वारा आला की खोलीभर फेरी, असे आधी ठरवून घ्या. ससा किती वेळा आणायचा हे तुमच्या हाती राहते.

आजोबा_वाचक

फार छान. उद्या दुपारी रुग्ण होतो. पट्ट्यांसाठी जुने सुती कापड फाडून ठेवतो आणि त्या त्यांना माझ्या हातापायांनाच बांधायला सांगतो, गळ्याभोवती कोणाच्याही नको.